थांबण्याची ऐपत

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिल्या वेच्याचा कापूस घरी येतो तेव्हा दिवाळी तोंडावर आलेली असते. यवतमाळ, वाशीम, अकोल्याकडच्या खेड्यांत त्याच सुमारास व्यापाऱ्यांच्या पिकअप गाड्या काटा घेऊन फिरायला लागतात. कापसात ओल असते, सरकारी खरेदी केंद्रं उघडायची असतात आणि कृषी केंद्रावरची बियाण्या-खताची उधारी डोक्यावर असते. तीन-चार एकरवाला कास्तकार त्याच दिवसांत दारासमोर कापूस मोजून देतो. भाव पडलेला आहे हे त्याला व्यापाऱ्याइतकंच कळतं. चार घरं सोडून एका घरात मुलगा शाळेवर लागलेला आहे. तिथे तसाच कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलेला असतो. वाण तोच, शिवार तेच, पाऊसही सारखाच पडलेला. पण या घरात दर महिन्याला पगार येतो, म्हणून यांना होळीपर्यंत थांबता येतं.

उत्पन्नाच्या विषमतेवर बोलताना आपण कुणाला किती मिळतं ते मोजतो. ते मोजायलाच हवं. पण विदर्भातल्या खेड्यात ही विषमता माणसाला सगळ्यात जास्त कुठे बाधते, तर कोणाला थांबता येतं आणि कोणाला येत नाही, इथे. ज्याला थांबता येत नाही त्याचा माल स्वस्तात जातो, मजुरी दुसरा ठरवेल ती घ्यावी लागते, आजार अंगावर काढावा लागतो आणि कर्ज सर्वांत महाग व्याजाचं उचलावं लागतं. उत्पन्न कमी म्हणून थांबता येत नाही आणि थांबता येत नाही म्हणून उत्पन्न आणखी घटतं. हे चक्र तोडणं सरकारचं काम आहे, आणि आजवरच्या बहुतेक मोठ्या योजनांनी नेमकं याच माणसाला वगळलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थांबणाऱ्याचा दरवेळी फायदाच होतो असं नाही. २०२१-२२ च्या हंगामात दिवाळीच्या सुमारास आठ हजारांच्या आसपास असलेला कापूस उन्हाळ्यात क्विंटलला बारा हजारांच्या वर गेला. ते पाहून पुढच्या वर्षी लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. घरभर कीस उडाला, अंगाला खाज सुटली आणि भाव खाली आला. त्या वर्षी थांबलेले सगळेच बुडाले. पण पगारदाराच्या घरात त्या नुकसानीने नवी मोटारसायकल वर्षभर पुढे गेली. ज्याने व्याज भरत कापूस धरून ठेवला होता त्याचं सोसायटीचं कर्ज थकलं आणि पुढच्या खरिपाला त्याला पीककर्ज मिळालं नाही. एकाच चुकीची किंमत दोन घरांत इतकी वेगळी असते.

सरकारी खरेदीचा आधार आहे, नाही असं नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये ठरला होता. केंद्राचं कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेते. पहिल्या वेच्याचा कापूस त्यात सहसा बसत नाही; वाळवायला जागा लागते, दिवस लागतात. त्यानंतर सातबारा, पीकपेरा, आधार, नोंदणी, आणि केंद्रापर्यंतचं गाडीभाडं. सोयाबीनचं याहून वाईट. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि काढणीच्या दिवसांत बाजार समित्यांत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकलं जात होतं.

यावर एक चांगला उपाय आपल्याच राज्यात १९९० पासून आहे आणि त्याची चर्चा कोणीच करत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची, देणी भागवायची आणि भाव आला की माल विकायचा. गरजू माणसाला थांबण्याची ताकद देणारी याहून सरळ योजना मी पाहिलेली नाही. पण गोदाम तालुक्याला, कास्तकार तीस किलोमीटरवर आणि माल सहा पोती. टेम्पोवाला भाडं पूर्ण खेपेचं घेतो. म्हणून या योजनेचा लाभ घेतात ते ट्रॉली भरून माल असणारे, म्हणजे ज्यांना तसंही काही दिवस थांबता आलं असतं ते.

आता वरून दिसणारं चित्र पाहा. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या आकड्यांचा हवाला देऊन समानतेत भारत जगात चौथा असल्याचं सांगितलं. गिनी निर्देशांक २५.५; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी विषमता कमी. हा आकडा घरखर्चाच्या पाहणीवरून काढलेला आहे. खेड्यात खर्चावरून समानता मोजली तर काय होतं? मुलीच्या लग्नासाठी दोन एकर गहाण टाकणाऱ्याचा त्या वर्षीचा खर्च मोठा दिसतो. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी आधी बचत गटातून आणि मग फायनान्सवाल्याकडून पैसे उचलणाऱ्या बाईचा खर्चही वाढलेला दिसतो. पाहणीच्या कागदावर ही दोन्ही घरं वर सरकलेली असतात. आणि ज्याची कमाई प्लॉट, शेअर आणि सोन्यात जाते त्याची श्रीमंती घरखर्चात उमटतच नाही.

उत्पन्न आणि संपत्तीचा हिशेब मांडणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. खालच्या अर्ध्या लोकसंख्येला मिळून उत्पन्नाचे १५ टक्के. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. या अंदाजांवर अर्थतज्ज्ञांचे वाद आहेत आणि ते व्हावेत. पण सहावरून बाविसावर जाणारी दिशा त्या वादांत पुसली जात नाही.

‘आधी संपत्ती तयार होऊ द्या, वाटणीचं मग बघू’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी मानत नाही. १९५५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी मांडलं होतं की औद्योगिक वाढ होताना विषमता आधी वाढते आणि पुढे ओसरत जाते. त्यांनी स्वतः ती बरीचशी अटकळ असल्याचं कबूल केलं होतं. धोरणं आखणाऱ्यांनी तिला नियम करून टाकलं. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाण्यातून गेलेला, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झालेला. रस्ता चांगला आहे आणि तो हवाच होता. जमिनीच्या थेट खरेदीचे पैसे सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांना मिळाले. पण त्याच वावरांत वर्षानुवर्षं सालदारकी करणाऱ्याचं, निंदण-वेचणी करणाऱ्या बायांचं काम गेलं. खरेदीखतात त्यांचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

या सातबाऱ्यावर जरा थांबायला हवं, कारण आपली बहुतेक मदत त्याच्यावरूनच वाटली जाते. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची अट होती. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला पूर्ण माफी नव्हती, एकरकमी फेड केली तर २५ टक्के सूट होती. पश्चिम महाराष्ट्रात ओलिताच्या पाच एकरांत ऊस घेणारा अल्पभूधारक ठरला आणि विदर्भात कोरडवाहू सात एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावणारा मोठा शेतकरी. ज्याचं कर्ज बँकेचं नसून सावकाराचं होतं त्याचा तर विचारच नव्हता. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो योजनेचे ६,००० रुपये जमीनमालकाच्या खात्यावर येतात. आयकर भरणारे आणि सरकारी नोकरदार त्यातून वगळलेले आहेत हे खरं, पण वावर ठेक्याने देऊन गावाबाहेर राहणारे बाकीचे मालक त्यात आहेतच. ठेक्याने करणारा मात्र पेरणीआधीच रोख पैसे मोजून बसलेला असतो. पाऊस कोपला की नुकसान त्याचं, आणि मदतीच्या यादीत नाव मालकाचं.

ठेका तोंडी का असतो, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. विदर्भाचा कूळ कायदा स्वतंत्र आहे, १९५८ चा. कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती मालकांच्या मनात इतकी पक्की बसली आहे की सख्ख्या भाच्यालासुद्धा कोणी लिहून देत नाही. कसणाऱ्याचं रक्षण करायला आलेल्या कायद्याच्या भीतीने आजचा कसणारा कागदावरून नाहीसा झाला. मालकी हक्काला धक्का न लावता फक्त हंगामापुरती नोंद करणारी पद्धत आणली तर मालकही तयार होतील, असं बऱ्याच जणांशी बोलून मला वाटतं.

मेल्यानंतरही हाच कागद तपासला जातो. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाखाची मदत देताना जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने देशभरात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदवल्या. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. शेतमजुरांची संख्या जास्त आहे. ‘शेतकरी आत्महत्या’ म्हणून आपण ज्या प्रश्नावर वीस वर्षं बोलतो आहोत त्यात त्या वर्षी अर्ध्याहून अधिक माणसं शेतमजूर होती, आणि शेतमजुराच्या नावावर सहसा सातबारा नसतो.

गावात हे बोललं की कास्तकार चिडतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, फुकट धान्य आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे मिळाल्यापासून बायका कामावर येत नाहीत, ही तक्रार पारावर रोज ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असं म्हणणं कास्तकारावर अन्याय होईल. बियाणं, फवारणी, डिझेल, सगळं वाढलं; कापसाचा आणि सोयाबीनचा भाव त्या गतीने वाढला नाही. त्याच्या हातात जो एकच खर्च दाबण्यासारखा राहतो तो मजुरीचा. म्हणून तो तिथे हात आखडतो.

पण याच कास्तकाराच्या घरचा हिशेब पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत, २०१८-१९ साली, देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. ज्याला आपण शेतकरी म्हणतो त्याच्या चुलीला पिकापेक्षा मजुरीचा आधार मोठा आहे. गावातली मजुरी पडली की त्याच्याच घरातली बाई दुसऱ्याच्या वावरात कमी पैशांत राबते. पश्चिम विदर्भात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त आहे, आणि पुष्कळ घरांत एकच माणूस दोन्ही असतो. कास्तकार विरुद्ध मजूर हे भांडण लावून दिलं की दोघांच्याही वरून जाणारा पैसा कोणाला दिसत नाही.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळी दवात भिजलेल्या पऱ्हाटीत बाया कमरेला ओटी बांधून शिरतात. बोंडाची सुकलेली टोकं बोटांना लागत राहतात, दिवसभर कंबर वाकलेली, आणि संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला कापूस भरभरून निघतो. शेवटच्या वेच्याला कवडी-कवडी गोळा करताना तेवढ्याच श्रमात निम्मं वजन भरत नाही. दर मात्र किलोचाच. यातली एखादी बाई ताप असताना घरी राहिली, किंवा दोन रुपये वाढवल्याशिवाय येणार नाही म्हणाली, तर त्यात गैर काय? २०२४ च्या जुलैपासून हातात येणाऱ्या पंधराशे रुपयांनी काही घरांत एवढंच केलं आहे: नाही म्हणण्याची थोडीशी सोय झाली. त्या योजनेच्या निवडणुकीच्या हिशेबावर मला आक्षेप आहेत. पण गरीब बाई आळशी झाली, हा आक्षेप मला मान्य नाही.

नाही म्हणता न येण्याची किंमत यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये मोजली. त्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषधांची मिश्रणं जहाल, अंगावर साधा सदरा. डोकं गरगरलं, डोळ्यांची आग झाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतला, कारण रोज बुडवणं परवडत नव्हतं. चौकशीत औषधांचा, विक्रेत्यांचा, हातमोजे आणि मास्कचा विचार झाला. आज उन्हात फवारू नको, दोन दिवस घरी राहा, असं ज्याला कोणी म्हणू शकत नाही त्याच्या परिस्थितीचा विचार झाल्याचं मला आठवत नाही.

विषमता आणि आरोग्य यांचं नातं फक्त औषधाच्या पैशापुरतं नसतं, हे जगाने बऱ्याच आधी पाहिलं आहे. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. उपाशी त्यांच्यात कोणी नव्हतं, सगळ्यांना नियमित पगार होता, मोफत दवाखाना होता. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. बिडी-सिगारेटसारखी कारणं वजा करूनही बराच फरक उरला. आपल्या दिवसावर आपलाच ताबा नसणं शरीराला खातं. हे जिथे पगारदारांच्या बाबतीत खरं ठरलं, तिथे उद्याचं काम आज रात्री ठरणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

शाळेचं फार लिहीत नाही, सगळ्यांनाच दिसतं. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि पगारदार, दुकानदार, मोठ्या कास्तकारांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती मजुरांची मुलं. शाळेत शिक्षक कमी पडला तर आधी सरपंच आणि पाटील पंचायत समितीत जाऊन बसायचे, कारण त्यांची मुलं त्याच वर्गात होती. आता ते जात नाहीत. पटसंख्या घटली म्हणून शाळाच बंद करण्याची भाषा सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्राचंही असंच झालं. उत्पन्नात मोठी दरी पडली की सामायिक गोष्टींसाठी भांडणारे लोक आधी निघून जातात, आणि ज्यांना त्या गोष्टींशिवाय दुसरं काही नाही त्यांचा आवाज वर पोचत नाही. हे नुकसान कोणत्याही गिनी निर्देशांकात मोजलं जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत खोल तेच आहे.

बदल होत नाही असं मात्र कोणी सांगू नये, आणि विदर्भात राहून तर मुळीच नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोजगार हमीच्या कामावर दिवसाला चार रुपये मजुरी पुरेशी आहे, असा सरकारी समितीचा हिशेब होता. वर्धा जिल्ह्यात मजुरांमध्ये काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब आहारापासून एकेक करून तपासला, त्यातल्या चुका दाखवल्या आणि मजुरी बारा रुपये असायला हवी हे मांडलं. सरकारला दर वाढवावा लागला. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने १५ दिवसांत मजुरी देणं बंधनकारक केलं. प्रत्यक्षात ती किती वेळा रखडली ते मेळघाटातल्या कोणत्याही गावात विचारावं. मजुरी उशिरा देणं म्हणजे ज्याला थांबता येत नाही त्यालाच थांबायला लावणं आहे.

दुसरं उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं. २००९ मध्ये या गोंड आदिवासी गावाला १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. बांबू एका माणसाच्या मालकीचा असता तर त्याने पहिल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला असता. ग्रामसभेला भाव पटला नाही तर ती सौदा नाकारू शकते, कारण तिच्यामागे गावकोष आहे आणि सगळं गाव आहे. पश्चिम विदर्भात इतकं जंगल नाही आणि तिथल्यासारखी एकजूटही नाही, त्यामुळे तेच जसंच्या तसं इथे होईल असं मी म्हणत नाही. पण दहा कास्तकारांची साठ पोती एका जागी ठेवायला जंगल लागत नाही. गावात किंवा पाच-सहा गावांत मिळून एक कोरडं गोदाम लागतं आणि तारण कर्जाचा अर्ज तिथेच घेणारा सोसायटीचा सचिव लागतो.

यासाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच येतो. वारसा संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांवरच्या कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. त्याच काळात फवारणीच्या रासायनिक औषधावर आणि मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी तीन एकरवाल्यानेही भरला आणि तीनशे कोटीवाल्यानेही. पैसा नाही असं नाही. तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवलं गेलं आहे, आणि ते बदलता येतं.

त्यातलं दिल्लीचं काम दिल्लीत होईल तेव्हा होईल. राज्याच्या हातात तीन गोष्टी आजही आहेत: गावाजवळ तारण गोदाम, ठेक्याने करणाऱ्यांची हंगामी नोंद आणि हमीच्या कामाची मजुरी आठवड्याला. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विदर्भातल्या गावांनी हे तीन ठराव लेखी घेतले, तर मार्चच्या अर्थसंकल्पाआधी ते आपापल्या आमदारांच्या हातात देता येतील.